इंग्रजीतील सारखे दिसणारे शब्द

एखाददुसऱ्या अक्षराचा फरक, उच्चार एकच किंवा अगदी जवळचा आणि अर्थ मात्र निराळा, अशा शब्दांच्या कितीतरी जोड्या इंग्रजीत आहेत. उच्चार तंतोतंत एक असेल तर त्यांना समोच्चारी शब्द म्हणतात. नुसतेच मिळतेजुळते असतील तर पॅरोनिम. मराठीलाही हा प्रकार नवा नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, पाणि म्हणजे हात. हे सगळे ऱ्हस्व-दीर्घावर तोललेले आहे. इंग्रजीतला तोल मात्र अशा अक्षरांवर असतो, जी पुष्कळदा कानाला ऐकूच येत नाहीत.

मराठी माणसाची अडचण त्याहून एक पायरी पुढची आहे. हे शब्द आपण आधी ऐकतो, देवनागरीत वाचतो आणि मग कधीतरी रोमन लिपीत लिहायला जातो. देवनागरीत तर जोडीतले दोघे एकच होऊन बसलेले असतात. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, 'वेस्ट' म्हणजे टाकाऊ आणि 'वेस्ट' म्हणजे बनियनही.

असे का झाले याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढच्या दोनेक शतकांत इंग्रजीचे स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेले. नेमक्या त्याच काळात बोलण्यातले दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. लेखन मागे राहिले, उच्चार पुढे गेला. त्यात एकच लॅटिन शब्द एकदा फ्रेंचमधून, एकदा थेट ग्रंथांतून असा दोनदा आत आला. काही ठिकाणी तर एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे होऊन त्यांनी अर्थ वाटून घेतले. पीठ या अर्थाचा 'फ्लॉवर' हा मुळात फुलाचाच शब्द. दळलेल्या धान्याचा चाळून काढलेला उत्तम भाग म्हणजे त्याचे 'फूल', असा तो अर्थ. डब्ल्यूऐवजी यू घेऊन पिठाचे स्पेलिंग पुढे वेगळे रुळले.

म्हणून या जोड्यांकडे सावत्र म्हणून न पाहता भावंडे म्हणून पाहावे. गोंधळ तिथेच कमी होऊ लागतो. 'स्टेशनरी' घ्या. तालुक्याच्या गावी 'बुक डेपो व स्टेशनरी' अशा पाट्या असतात आणि त्याखालच्या रोमन अक्षरांत पुष्कळदा शेवटी ए-आर-वाय रंगवलेले असते. त्या स्पेलिंगचा अर्थ 'जागेवर स्थिर असलेले'. वह्या-पेन-कागदाची स्टेशनरी ई-आर-वाय अशी संपते. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांजवळचा पुस्तकविक्रेता मात्र एका जागी ठाण मांडून बसे, म्हणून त्याला लॅटिनमध्ये 'स्टेशनरियस' म्हणत. त्याच्याकडे मिळणारा माल ती स्टेशनरी. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ साली राजसनद मिळाली, तीही अशाच पुस्तकविक्रेत्या-मुद्रकांची. रेल्वेचे स्टेशनही याच घरातले.

'प्रिन्सिपल'ची गोष्ट तशीच. पी-ए-एलने संपणारा शब्द म्हणजे मुख्य. महाविद्यालयातले मुख्य ते प्राचार्य, आणि कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल. गृहकर्जाच्या उताऱ्यात व्याजाशेजारच्या रकान्यावर असते ते हेच प्रिन्सिपल. पी-एल-ईने संपते ते तत्त्व. प्राचार्य तत्त्वाचे असू शकतात, पण त्यांच्या दारावरच्या पाटीवर पी-ए-एलच हवे.

'कॉम्प्लिमेंट'च्या मुळाशी 'भरून काढणे' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मधे ई असेल तर उणीव भरून काढणारे, म्हणजे पूरक. आय असेल तर शिष्टाचाराची पूर्तता, म्हणजे स्तुती किंवा शुभेच्छा. हॉटेलात खोलीच्या भाड्यात मिळणारा नाश्ता आयचा असतो. 'एमिनंट' आणि 'इमिनंट' ही जोडी मला फार सुंदर वाटते. पहिला म्हणजे बाहेर, वर उठून दिसणारा, म्हणून नामवंत. दुसरा म्हणजे डोक्यावर झुकलेला, म्हणून कोसळण्याच्या बेतात असलेला. एमिनंट माणूस असतो, इमिनंट संकट असते.

सगळ्याच जोड्या मात्र अशा नात्यातल्या नाहीत. वाळवंटाचा 'डेझर्ट' म्हणजे सोडून दिलेली जागा. जेवणानंतरच्या गोडाचा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ ताटे उचलणे, टेबल आवरणे. गोडाच्या शब्दात दोन एस आणि उच्चारातला जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर. लग्नाच्या मेन्यूत एकच एस पडला की पाहुण्यांना वाळवंट वाढले जाते.

'ॲफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांत पहिला सहसा क्रियापद, परिणाम होणे. दुसरा सहसा नाम, परिणाम. पण 'इफेक्ट' क्रियापद म्हणून आला तर अर्थ 'घडवून आणणे' असा होतो, हे कार्यालयीन पत्रांत लक्षात ठेवावे लागते. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला हे नाम सीने आणि 'ॲडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे हे क्रियापद एसने लिहितात. ब्रिटिश पद्धतीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'लाही हाच नियम आहे. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' सरसकट सीने, 'लायसन्स' सरसकट एसने. आपला १९८८चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश वळणाचा, म्हणून वाहन चालवण्याचा परवाना त्यात सीनेच लिहिलेला आहे. 'लूज'मध्ये मराठी जिभेचीही भर पडते. सुटे तेल आपण 'लूज तेल' म्हणतो, पण सुटे किंवा सैल या अर्थाचा इंग्रजी उच्चार 'लूस' आहे आणि त्यात दोन ओ आहेत. हरणे किंवा हरवणे हा खरा 'लूज', त्यात ओ एकच.

काही ठिकाणी गैरसमज जिवावर बेतू शकतो. पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इनकरेक्ट'मधला 'इन' नकाराचा, म्हणून हाही 'न पेटणारे' असा वाचला जाण्याची भीती असते. प्रत्यक्षात मूळ लॅटिन क्रियापदाचाच अर्थ पेटवणे आहे. त्यामुळे 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्ही ज्वलनशीलच. न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल' हा शब्द आहे. अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी विसाव्या शतकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला तो याच भीतीने.

स्पेलिंग तपासणारे साधे सॉफ्टवेअर अशा चुका सहज सोडून देते, कारण चुकीच्या जागचा शब्दही कोशात असतोच. त्यापेक्षा प्रत्येक स्पेलिंगला त्याचा मराठी अर्थ बांधून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते करावेच लागते. 'इलियम'मध्ये मधे ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भाग. पायाच्या 'पेरोनिअल' नसेचा आणि जांघेमधल्या 'पेरिनिअल' भागाचा घोळ तर इतका नकोसा की १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शरीररचना परिभाषेत पायाच्या नसेसाठी 'फिब्युलर' हे नाव पुढे ठेवले गेले.