खांबावरच्या तारा आणि २००४ चा निर्णय

नागपूरच्या बेसा, मनीषनगरकडच्या गल्ल्यांत एकेका विजेच्या खांबावर चार-पाच कंपन्यांच्या काळ्या फायबर तारा लोंबतात. उरलेल्या तारेची वेटोळी तिथंच बांधून ठेवलेली असतात. शेजारच्या इमारतीत मात्र एकाच कंपनीची तार आत शिरलेली, म्हणजे तिथल्या रहिवाशांना निवडच नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. दुसऱ्याची तार रास्त भाड्यानं वापरण्याचा हक्क आपल्या कायद्यानं इंटरनेट कंपन्यांना दिलेला नाही.

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखानदारांना ‘ओपन अ‍ॅक्सेस’ नवा नाही. वीज कायदा २००३ मुळे एक मेगावॉटच्या वर मागणी असलेला ग्राहक महावितरणच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज घेऊ शकतो, वहनाचं शुल्क भरून. तार एकाची, पुरवठा दुसऱ्याचा.

दूरसंचारात हे तत्त्व अमेरिकेनं १९९६ च्या कायद्यात आणलं. जुन्या टेलिफोन कंपन्यांना घरापर्यंतची तांब्याची तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं देणं भाग पडलं. पण तिथं ते टिकलं नाही: केबल टीव्हीच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटला २००२ मध्ये सूट मिळाली, जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली आणि दोन महिन्यांत टेलिफोन कंपन्यांचं ब्रॉडबँडही या बंधनातून सुटलं. युरोप उलट्या दिशेनं गेला. ब्रिटनमध्ये तर २००६ मध्ये बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारांचा कारभार ‘ओपनरीच’ या वेगळ्या विभागाकडे दिला गेला. जपानमध्ये एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारा भाड्यानं घेऊन ‘याहू बीबी’ ही इंटरनेट सेवा २००१ मध्ये स्वस्त दरात उतरली आणि दर कोसळले.

आपल्याकडेही हा क्षण आला होता. एप्रिल २००४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, शिफारस केली की बीएसएनएल-एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांना खुल्या कराव्यात. त्या काळी देशातल्या बहुतांश लँडलाइन याच दोघांकडे होत्या. ऑक्टोबरमधल्या सरकारी ब्रॉडबँड धोरणानं ती शिफारस बाजूला ठेवली आणि तारांची देवाणघेवाण परस्पर संमतीच्या व्यापारी करारांवर सोडली. ज्याच्या हाती तार, तो प्रतिस्पर्ध्याला संमती कशाला देईल? धोरणाचं लक्ष्य २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं होतं. त्या वर्षाअखेरीस झाल्या सुमारे १ कोटी १० लाख. सगळा दोष या एका निर्णयाचा नाही. पण घराघरांत पोचलेली तार तयार असताना स्पर्धा नाकारली गेली, ही चूक मोठीच होती, आणि तिची भरपाई अजून झालेली नाही.

पुढे तांब्याची जागा फायबरनं घेतली. ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेट या केंद्राच्या योजनेत सरकारी फायबर कुठल्याही सेवादात्याला भेदभाव न करता द्यायचं, असं ठरलं. २०१६ मध्ये नागपूर राज्यातला पहिला डिजिटल जिल्हा जाहीर झाला तो ग्रामपंचायतींपर्यंत पोचलेल्या अशाच फायबरच्या जोरावर. म्हणजे गावाकडच्या तारेला जो नियम लागू आहे, तो शहरातल्या खासगी तारेला नाही.

दूरसंचार कायदा २०२३ मध्ये सामायिक डक्ट (तारा टाकायच्या जमिनीखालच्या नळ्या) सगळ्यांना खुले ठेवण्याची तरतूद आली. सिमेंट रस्त्यांच्या नागपुरात तिचं मोल मोठं आहे, कारण काँक्रीट पडल्यावर प्रत्येक नव्या तारेसाठी ते फोडणं कुणालाच परवडत नाही. तरी डक्टमधली तार ज्याची त्याचीच राहते. ती वाजवी भाड्यानं देण्याचं बंधन आणि ते भाडं ठरवण्याचा ट्रायला अधिकार, हे दोन्ही कायद्यात यायला हवं.