पेट्रोल मोटारगाडीत डीझेल एंजिन बसविणे

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीचे मूळ एंजिन काढून त्या जागी डीझेल एंजिन बसविण्याची क्रिया. मूळ पेट्रोल एंजिनातच फेरफार करून ते डीझेलवर चालविणे ही निराळी गोष्ट असून ती व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. पेट्रोल एंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरातील हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) साधारणतः ९ ते १२, तर डीझेल एंजिनाचे १५ ते २२ असते. ठिणगीशिवाय, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटवायचे तर दट्ट्या (पिस्टन), क्रँकशाफ्ट (दट्ट्यांमुळे फिरणारा मुख्य दांडा) व सिलिंडर हेड (सिलिंडरांचे वरचे झाकण) हे सारे त्या दाबासाठीच घडविलेले असावे लागते. म्हणून बदलले जाते ते संपूर्ण एंजिन. त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागते, यावर हे काम करण्याजोगे आहे की नाही हे ठरते.

इतिहास : जर्मन अभियंते रूडॉल्फ डीझेल यांच्या एंजिनाची १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली व त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. परंतु त्यात इंधन फवारण्यासाठी दाबित हवा वापरीत व त्यासाठीचा संपीडक एंजिनालाच जोडलेला असे. हे धूड मोटारीत मावणारे नव्हते. हवेविना अंतःक्षेपणाची (केवळ पंपाच्या दाबाने सिलिंडरात इंधन फवारण्याची) पद्धत रुळल्यावर आणि बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंधन पंपांचे नियमित उत्पादन सुरू केल्यावरच लहान, जलदगती डीझेल एंजिन शक्य झाले.

डीझेलवर चालणारी पहिली प्रवासी मोटार कोणती, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत हा मान बहुधा क्लेसी कमिन्स यांना दिला जातो. इंडियाना राज्यातील कोलंबस येथील या एंजिन-उत्पादकाने एका वापरलेल्या पॅकार्ड लिमोझिनमध्ये आपले नौकेसाठी बनविलेले चार सिलिंडरांचे एंजिन बसविले. हे काम १९२९ च्या अखेरीचे मानतात. काही ठिकाणी १९३० हे साल आढळते, ते बहुधा न्यूयॉर्कपर्यंतच्या प्रात्यक्षिक प्रवासाचे असावे. जानेवारी १९३० मधील या सुमारे ८०० मैलांच्या प्रवासाचा इंधनखर्च १.३८ डॉलर झाल्याचे सांगतात. त्या काळी जड इंधनतेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त असल्यामुळे हा आकडा केवळ एंजिनाच्या कार्यक्षमतेचे माप मानता येत नाही, आणि तो उद्‌धृत करताना हे बहुधा सांगायचे राहून जाते. युरोपीय लेखक मात्र फेब्रुवारी १९३६ च्या बर्लिन प्रदर्शनातील मर्सिडीज-बेंझ २६० डी या मोटारीला अग्रक्रम देतात. त्याच प्रदर्शनात हॅनोमाग कंपनीचीही डीझेल मोटार होती. कारखान्यातून नियमित विक्रीस आलेली मोटार ही कसोटी लावली तर मर्सिडीजचा दावा अधिक बळकट ठरतो. रस्त्यावर प्रत्यक्ष धावलेली मोटार ही कसोटी मानली तर पॅकार्ड बरीच आधीची आहे, आणि ती अदलाबदलीतूनच निर्माण झालेली होती.

१९३२ मध्ये इंग्लंडमधील पीटरबरो येथे स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीचा तर रोखच पेट्रोल एंजिनाच्या जागी बसू शकतील अशा जलदगती डीझेल एंजिनांवर होता. पुढे बेल्जियममध्ये सोव्हिएत बनावटीच्या व्होल्गा मोटारींत पर्किन्स व अन्य पश्चिम युरोपीय डीझेल एंजिने बसवून त्या विकल्या जात. खासगी कर्मशाळांत अशी कामे किती झाली याची नोंद तुटपुंजी आहे.

जुळणी : सर्वांत सोपे प्रकरण म्हणजे ज्या मोटारीच्या त्याच पिढीत कारखान्याने डीझेल आवृत्तीही विकली तिचे. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ डीझेलचे एंजिन त्याच कंपनीच्या पेट्रोल एंजिनावरूनच विकसित केले होते. अशा वेळी माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग यांचे तयार भाग एका अपघातग्रस्त डीझेल मोटारीतून एकगठ्ठा मिळतात. सुटे भाग देणारी अशी ‘दाता’ मोटार नसेल तर काम बदलीचे न राहता नव्या रचनेचे होते. प्रस्तुत विषयात खरी सीमारेषा हीच आहे. एंजिनाची शक्ती वा नाममुद्रा हा प्रश्न त्यानंतरचा.

परके एंजिन गिअरबॉक्सला जोडण्यासाठी दोहोंच्या मध्ये अडॅप्टर प्लेट (जोड-पट्टी) बसवितात. भोके जुळली म्हणजे प्लेट जुळली, असे नाही. क्रँकशाफ्टचा अक्ष व गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एकाच रेषेत यावे लागतात. त्यासाठी फ्लायव्हीलवर (एंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर) डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखविणारा मापक) बांधून त्याचे टोक बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढील, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) मधल्या भोकाच्या कडेवर टेकवितात आणि एंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवितात. काटा मिलिमीटरच्या दशांशाहून फारसा अधिक हलता कामा नये. ही तपासणी वगळलेल्या मोटारीत क्लच धरतो-सोडतो, गिअर अडकतात आणि बेअरिंग लवकर जाते. दोष मात्र एंजिनाला दिला जातो.

डीझेल एंजिनाला तेवढ्याच क्षमतेच्या पेट्रोल एंजिनापेक्षा वजन अधिक असते, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा व ब्रेक तपासावे लागतात. ऑइल संप (एंजिनाच्या तळाचे तेलपात्र) सांगाड्याच्या आडव्या क्रॉस मेंबरवर आपटतो की काय हे आधीच मोजलेले बरे. कमिन्सचे सहा सिलिंडरांचे ५.९ लिटरचे प्रसिद्ध एंजिन पाचशे किग्रॅ.च्या आसपास भरते. ते साध्या मोटारीत घालणे अव्यवहार्य होय. जुन्या डीझेल एंजिनांची फेऱ्यांची कमाल मर्यादा मिनिटाला ४,००० ते ४,५०० असते, पेट्रोलची ६,००० च्या पुढे. मूळ गिअर गुणोत्तर तसेच ठेवले तर महामार्गावर एंजिन सतत ताणलेले राहते, म्हणून शेवटचे गुणोत्तर (फायनल ड्राइव्ह) बदलावे लागते.

इंधन व विद्युत्‌ व्यवस्था : पेट्रोलची टाकी, नळ्या व पंप काढून टाकी कोरडी होईपर्यंत स्वच्छ करणे हे टाळता न येणारे काम आहे. डीझेल हे अंतःक्षेपण पंपाचे वंगणही असते. उरलेल्या पेट्रोलने ते वंगण पातळ होऊन पंपाचे अंतर्भाग खरवडले जातात. टाकीला आतून जस्ताचा मुलामा असल्यास ती बदलणेच इष्ट, कारण जस्त व डीझेल यांच्या संयोगाने होणारा चिकट साका फिल्टर व नोझल तुंबवितो. पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि परतीची नळी नव्याने टाकावी लागते.

बहुतेक डीझेल एंजिनांत हवेच्या मार्गात थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) नसल्याने निर्वात निर्माण होत नाही. ब्रेक दाबण्यास साहाय्य करणारा ब्रेक बूस्टर निर्वातावरच चालत असल्यामुळे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसविणे अनिवार्य आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने या कामातील ही सर्वांत गंभीर बाब. जुन्या पेट्रोल मोटारीचा फेरेमापक इग्निशन कॉइलकडून संकेत घेतो. डीझेलला कॉइलच नाही, तेव्हा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ अग्रातून संकेत घेऊन त्यासाठी जुळवलेला मापक लावतात. याखेरीज ग्लो प्लगची (थंड एंजिन सुरू करताना सिलिंडर तापविणाऱ्या प्लगची) रिले, अधिक क्षमतेची बॅटरी व जोरकस स्टार्टर लागतो. किल्ली बंद केल्यावर ठिणगी थांबून पेट्रोल एंजिन थांबते. डीझेलचे इंधनच तोडावे लागते.

कॉमन रेल पद्धतीची (सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारी) एंजिने १९९७ पासून मोटारींत आली. त्यांत इंधनाचा दाब १,००० बारच्या पुढे, आधुनिक रचनांत २,००० च्याही पुढे असतो आणि नियंत्रण संगणकाकडे असते. चोर-प्रतिबंधक कुलूप, डॅशबोर्ड, ब्रेक यांचे संगणक एकमेकांशी बोलत असल्याने दाता मोटारीची सारी वायरिंग हलविल्याशिवाय एंजिन सुरू होत नाही. म्हणूनच यांत्रिक पंपाची जुनी एंजिने, विशेषतः मर्सिडीजचे पाच सिलिंडरांचे ओएम ६१७, या कामासाठी अजून शोधली जातात.

खर्च व लाभ : एक लिटर डीझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल, तर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे लिटरमागे दिसणाऱ्या बचतीचा काही भाग इंधनाचा आहे, एंजिनाचा नव्हे. उदाहरणार्थ, १०० किमी.ला ९ लिटर पेट्रोल लागणारी मोटार ६.५ लिटर डीझेलवर आली, तर लिटरच्या हिशेबाने बचत २८ टक्के होते. पण पेट्रोलच्या एका लिटरातून सुमारे २.३१ व डीझेलच्या लिटरातून २.६८ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, त्यामुळे उत्सर्जनातील घट १६ टक्क्यांच्या आसपासच राहते. याच उदाहरणात १०,००० किमी.मागे २५० लिटर वाचतात. एंजिन, मजुरी, रेडिएटर, क्लच व कागदपत्रे यांचा खर्च त्या लिटरांच्या किमतीने भागला, की किती अंतरानंतर तो वसूल होईल ते कळते. कमी धावणाऱ्या मोटारीत तो सहसा वसूल होत नाही. डीझेल मोटारच विकत घेणे बहुतेकांना स्वस्त पडते.

नियमन : पेट्रोल मोटारीचा त्रिमार्गी उत्प्रेरक (धुरातील घातक वायू कमी करणारे उपकरण) हवा व इंधन ठरावीक प्रमाणात असतानाच नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करतो, डीझेलच्या जादा हवेत तो त्या कामी निरुपयोगी ठरतो. काजळी गाळण्याचा फिल्टर व युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा जुन्या मोटारीच्या तळाशी बसविणे जागेअभावी कठीण जाते. अनेक देशांत बदललेल्या एंजिनाची नोंदणी व तपासणी सक्तीची आहे. कॅलिफोर्नियात नवे एंजिन मोटारीच्याच सालाचे किंवा त्यानंतरचे असावे व त्याची उत्सर्जन-उपकरणे पूर्ण असावीत, अशी अट आहे. एंजिन विकत घेण्यापूर्वीच स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घेणे हे या कामातील पहिले पाऊल होय.