डॅटसन २४०झेडचं इंजिन उघडायच्या आधी: एल२४ची थोडी पार्श्वभूमी

भोसरीतल्या एका शेडमध्ये सध्या १९७२ च्या डॅटसन २४०झेडचं इंजिन स्टँडवर आहे. गाडी माझ्या मित्राची, आणि गेले दोन महिने आमच्यात एकच वाद चालू आहे की इंजिन होतं तसंच बांधायचं का आता उघडलंच आहे तर थोडं वाढवून घ्यायचं. कोणी म्हणतं सरळ मोठे पिस्टन टाक, कोणी म्हणतं तीन वेबर कार्बोरेटर लाव, एक जण तर स्कायलाइन जीटीआरचं आरबी२६ इंजिन आणून बसव म्हणून अडून बसलाय. सगळे गाडीच्या प्रेमापोटीच बोलतात, पण एल२४ मध्ये, म्हणजे या गाडीच्या मूळ इंजिनात, काय बसतं आणि काय नाही हे समजून घ्यायचं तर आधी या इंजिनाचं घराणं माहीत पाहिजे, कारण याचे जवळजवळ सगळे अपग्रेड डॅटसन बनवणाऱ्या निस्सानच्याच दुसऱ्या गाड्यांतून आलेत.

आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना निस्सानचं सहा सिलेंडर इंजिन काही नवं नाही बरं का. जबलपूरला १९६९ पासून लष्करासाठी जी जोंगा बनत होती ती म्हणजे निस्सानची पॅट्रोल नावाची जीपच, आणि तिच्यात ३९५६ सीसीचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन होतं. पुण्यासारख्या लष्करी गावात लिलावात निघालेल्या जोंगा ज्यांनी बांधल्या त्यांचा हात या कामाला सरावलेला आहे. फक्त जोंगाचं इंजिन जुन्या पद्धतीचं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून वर जाणारे पुशरॉड, एल२४ त्याच्यापेक्षा एक पिढी पुढचं.

निस्सान मोटारी शिकली ती बरीचशी ब्रिटिशांकडून, १९५२ मध्ये ऑस्टिनशी करार केला आणि काही वर्षं ऑस्टिनच्याच गाड्या जपानात बनवल्या. त्यातून आलेली पुशरॉडवाली इंजिनं बराच काळ चालली. मग साठीच्या दशकात एल सीरिज आली. बीडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट आणि तो चेनवर. दोन लिटरचं सहा सिलेंडर एल२० आधी आलं, पण खरं महत्त्वाचं आहे ते १९६७ मध्ये डॅटसन ५१० मध्ये बसवलेलं चार सिलेंडरचं एल१६, बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास ८३ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल ७३.३. आता एल२४ चे आकडे बघा, बोअर ८३, स्ट्रोक ७३.७, २३९३ सीसी. म्हणजे एल१६ लाच दोन सिलेंडर जास्त जोडल्यासारखं. एक नीट जमलेलं डिझाइन घ्यायचं आणि त्याच मापात लहान मोठी भावंडं काढायची ही निस्सानची पद्धत, आणि आज पन्नास वर्षांनी एका गाडीचा पार्ट दुसरीत बसतो तो यामुळेच.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ही झेड गाडी जाहीर झाली, जपानात नाव फेअरलेडी झेड. तिकडे दोन लिटरच्या वरच्या गाडीला कर जास्त म्हणून घरच्या बाजारात सुरुवातीला एल२० दिलं, आणि ज्याला परवडेल त्याच्यासाठी झेड४३२ होती जिच्यात प्रिन्स कंपनीच्या रेसिंग इंजिनातून आलेलं एस२० होतं, चोवीस व्हॉल्व्ह, दोन कॅम, तीन कार्बोरेटर. प्रिन्स १९६६ मध्ये निस्सानमध्ये विलीन झाली होती. नावातलं ४३२ म्हणजे चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब, दोन कॅम, इतकं सरळ. पण अमेरिकेसाठी २.४ लिटर, आणि त्यामागे युताका कातायामांचा आग्रह होता. हे गृहस्थ अमेरिकेत डॅटसन विकत होते, लोक त्यांना मिस्टर के म्हणायचे, आणि फेअरलेडी नावाने तिकडे स्पोर्ट्स कार खपणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं म्हणून त्यांनी तो बॅज काढून २४०झेड लावला. किंमत ३५२६ डॉलर, ताकद तेव्हाच्या अमेरिकन मोजणीने १५१ हॉर्सपॉवर. त्याच काळात आपल्याकडे रस्त्यावर फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड, आणि त्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं.

मला स्वतःला या गाडीचं वेड लागलं ते मात्र अमेरिकेमुळे नाही, सफारी रॅलीमुळे. पूर्व आफ्रिकेतली ती रॅली म्हणजे धूळ, चिखल, दगड, हजारो किलोमीटर. १९७१ मध्ये एडगर हेरमानने २४०झेडने ती जिंकली, आणि १९७३ मध्ये शेखर मेहताने. आपल्या भारतीय वंशाचा माणूस, जन्म युगांडातला, इदी अमीनच्या काळात १९७२ मध्ये कुटुंबाला देश सोडून केनियात यावं लागलं आणि पुढच्याच वर्षी हा विजय. तेव्हा त्याचे आणि हॅरी शेलस्ट्रॉमचे पेनल्टी पॉइंट सारखेच झाले होते, शेलस्ट्रॉमही डॅटसनमध्येच, आणि जास्त अंतर बिनदंडाचं गेला म्हणून मेहता पहिला. पुढे मेहताने ही रॅली अजून चार वेळा जिंकली. एल२४ दणकट आहे असं लोक म्हणतात ना, तर फोर्ज केलेला क्रँक, त्याला आधार द्यायला सात मेन बेअरिंग आणि जाडजूड ब्लॉक, हे त्या दणकटपणाचं कारण. इंजिन वाढवलं तरी खालचा भाग सहसा कुरकुरत नाही तोही म्हणूनच.

मग आले अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम आणि गोष्ट थोडी बिघडली. १९७३ मध्ये जुन्या गोल डोक्याच्या हिताची कार्बोरेटरच्या जागी चपट्या डोक्याचे आले आणि त्यांनी मालकांना भयंकर छळलं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बोरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर, उन्हात ट्रॅफिकमध्ये थांबलं की पेट्रोल आत उकळायला लागतं. एप्रिलमध्ये दुपारी सिंहगड रोडला अडकलेल्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको, त्यामुळे पुण्यात ही गाडी चालवायची असेल तर गोल डोक्याचे कार्ब आणि खाली उष्णता अडवणारा पत्रा हे मी पहिलं अपग्रेड समजतो, पिस्टन बिस्टन नंतर.

१९७४ ला २६०झेड आली, स्ट्रोक ७९ केला, २५६५ सीसी. १९७५ ला २८०झेड, स्ट्रोक तोच ७९ पण बोअर ८६, २७५३ सीसी, आणि कार्बोरेटर जाऊन बॉशचं इंजेक्शन आलं. हे एल२८. १९८१ मध्ये त्यालाच टर्बो लागला. आणि याच सुमाराला निस्सानने सेडान गाड्यांसाठी याच घराण्याचं डिझेल काढलं, एलडी२८, त्याचा क्रँक ८३ मिमी स्ट्रोकचा. आता गंमत बघा, डिझेल सेडानचा हा क्रँक एल२८ च्या ब्लॉकमध्ये बसतो. कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि त्यातून पुढे जपान अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ३.१ लिटरचा फॉर्म्युला निघाला: एल२८ चा ब्लॉक ८९ मिमीला बोअर करायचा, क्रँक डिझेलचा, अमेरिकेतल्या रेसिपीत कनेक्टिंग रॉड एल२४ चे कारण ते १३३ मिमी लांब आणि एल२८ चे १३०.३५, आणि पिस्टन निस्सानच्या केए२४ इंजिनाचे कारण त्याचा बोअर मुळातच ८९. बेरीज केली तर ३०९८ सीसी. चार वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट, सगळे एकाच कंपनीचे. ओएस गिकेनसारख्या जपानी ट्यूनिंग कंपन्यांनी तर याच ब्लॉकवर बसणारं ट्विन कॅम हेड बनवलं.

आरबी२६ वाल्या मित्रासाठी एक आकडा. १९८९ च्या स्कायलाइन जीटीआरमधलं ते इंजिन, बोअर ८६, स्ट्रोक ७३.७. बोअर एल२८ चा, स्ट्रोक एल२४ चा. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता, वीस वर्षांनीही निस्सानने घरातली मापं सोडली नव्हती.

हेडचीही अशीच कुळकथा. हेडवर कोरलेला कोड बघायचा, ई३१ म्हणजे सुरुवातीचं, ज्वलनाची जागा छोटी म्हणून कॉम्प्रेशन चांगलं, पण व्हॉल्व्हही जरा छोटे. मग ई८८, आणि २८०झेडचं एन४२ ज्याचे व्हॉल्व्ह मोठे. छोट्या चेंबरचं हेड मोठ्या इंजिनावर ठेवलं की कॉम्प्रेशन वर जातं आणि मग साधं पेट्रोल चालत नाही, नॉकिंग सुरू होतं. पुण्यात १०० ऑक्टेन मिळतं हे खरं, पण ते प्रत्येक पंपावर नाही, महाबळेश्वरहून परत येताना कुठे शोधत बसणार. शिवाय आता साध्या पेट्रोलमध्ये सगळीकडे २० टक्के इथेनॉल, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, कार्बोरेटरची गॅसकेटं, पंपाचा डायफ्राम हे सगळं इथेनॉल सोसणारं नवं घालावंच लागतं, त्यात चॉइस नाही. ऑइलचंही तेच, आजच्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं आणि या इंजिनात कॅम थेट रॉकरवर घासतो, तेव्हा जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल घ्या. काही हेडमध्ये कॅमवर ऑइल सोडायला भोकं पाडलेली बारीक नळी असते, ती तुंबली किंवा सांध्यात ढिली झाली की कॅमवरचा एखादा उंचवटा, म्हणजे लोब, उपाशी राहून घासून सपाट होतो, आमच्याच इंजिनात दोन लोब तसे निघाले.

आणि पाचर. हे जरा सविस्तर सांगतो कारण आमचे इथेच पैसे गेले. एल सीरिजचं हेड काढायचं तर कॅमची चक्री सोडवावी लागते, आणि त्याआधी चेनच्या दोन बाजूंच्या मध्ये वरून लाकडाची पाचर ठोकून चेन ताणलेली ठेवायची असते. नाही ठोकली तर चेन सैल पडते, खाली स्प्रिंगवरचा टेन्शनर पुढे उडतो आणि तो परत बसवायला अख्खं पुढचं कव्हर, पुली, खालचा ऑइल संप सगळं उतरवावं लागतं. आधी गाडी एका दुसऱ्या गॅरेजला दिली होती, चांगले लोक, पण त्यांना हे माहीत नव्हतं, हेड उचललं आणि आतून टक्क आवाज आला. हेड गॅसकेटचं काम होतं ते इंजिन उतरवण्यावर गेलं. भोसरीचे आमचे मिस्त्री, चाचा, सत्तरीचे आहेत, त्यांनी टायमिंग कव्हरमध्ये टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "दादा, पाचर मारली नाही ना कुणी?" झेड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. मग सागवानाच्या तुकड्याची साधारण वीतभर लांब, खाली निमुळती पाचर त्यांनी स्वतः तासून ठेवली, वरच्या टोकाला भोक पाडून त्यात सुतळी, आत पडली तर ओढून काढता यावी म्हणून. ती आता शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे.

आता आपल्याकडची बाजू, कारण पुण्यात निर्णय नुसत्या सीसीवर होत नाही. पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्या व्हिंटेज म्हणून बाहेरून आणता यायच्या, २०२५ मध्ये नियम बदलून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वाट मिळाली, म्हणून तर २४०झेड आत्ता चर्चेत आली. आणि २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण त्या नियमात व्हिंटेजची व्याख्याच अशी आहे की गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे आरबी२६ टाकलं की ताकद मिळेल, नंबर प्लेट हातची जाईल. निस्सानने स्वतः १९९७ मध्ये अमेरिकेत जुन्या २४०झेड विकत घेऊन, पूर्ण खोलून, नव्यासारख्या करून परत विकल्या होत्या, त्यांनीही इंजिन एल२४ च ठेवलं. माझं मत म्हणून पक्कं आहे, गाडीच्या नंबराशी जुळणारा मूळ ब्लॉक ठेवा, वाढवायचं ते असं वाढवा की उद्या पाना लावून परत मूळचं करता येईल. ज्याला ३.१ करायचंच आहे त्याने एल२८ चा वेगळा ब्लॉक शोधावा, हा फाडू नये.

गेल्या रविवारी चाचांनी बोअर गेज घातलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. प्रत्येक सिलेंडरमध्ये वर, मधे, खाली, आणि आडवं उभं, अशी मापं, मी वहीत लिहीत होतो. पाच सिलेंडर ठीक, सहाव्यात वरच्या रिंगच्या जागी नखाला लागेल असा काठ, झीज ०.२२ मिमी. स्टँडर्ड ८३ वर राहणं शक्य नाही. ठरलं ते असं की अर्धा मिमी ओव्हरसाइज, ८३.५, त्याने इंजिन जवळपास २९ सीसीने वाढेल बस, क्रँक जर्नल मापात आहेत म्हणून फक्त पॉलिश, बेअरिंग नवे, हेडला हलकं फेसिंग, दोन सपाट लोबांमुळे कॅम आणि रॉकर दोन्ही बदलायचे, नवा कॅम जुन्या रॉकरवर चालवायचा नाही. टॅपेटची, म्हणजे कॅम आणि रॉकरमधली, फट गरम इंजिनावर इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. पिस्टन जपानहून निघालेत. मशीन शॉपवाल्याला ब्लॉक दिलाय पण बोअर करू नको म्हणून सांगितलंय, आधी पिस्टन हातात येऊ देत, सहाच्या सहा मायक्रोमीटरने मोजू, आणि मग ज्या पिस्टनचं जे माप त्याप्रमाणे तो तो सिलेंडर.