लहान कुत्र्याला विमा कशाला?

'पामेरियन तो केवढा, त्याला विमा कशाला? मोठ्या लॅब्राडोरला घ्यावा!' कुत्रा पाळणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. यात खरं एवढंच, की औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून गोळ्या थोड्या स्वस्त पडतात. एक्स-रे, सोनोग्राफी, शस्त्रक्रिया यांचं बिल मात्र फारसं किलोवर निघत नाही.

उलट काही दुखणी लहान जातींतच जास्त दिसतात. पामेरियनची गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका दबून कोरडा, घोगरा खोकला लागतो. डॅशहुंडच्या मणक्यातली चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते आणि औषधं जन्मभराची होतात. शिवाय लहान कुत्री जगतातही जास्त, अनेकदा 12 ते 15 वर्षं.

म्हणून डोळे मिटून विमा घ्यावा असं नाही. खरी गोम अपवादांच्या यादीत असते. अनेक पॉलिसी आनुवंशिक आणि आधीपासूनचे आजार वगळतात. म्हणजे वाटी सरकण्यावरचा दावाच फेटाळला जाऊ शकतो! दातांची सफाई, लसीकरण बहुधा बाहेरच. नवीन पॉलिसीला वयाची अट असते, सुरुवातीला प्रतीक्षाकाळही, म्हणजे ज्यात दावा करता येत नाही असे दिवस.

माझं मत स्पष्ट आहे: पिल्लू निरोगी असतानाच, गुडघा आणि मणका लेखी समाविष्ट असेल तरच विमा घ्या. नसेल, तर तेवढाच हप्ता त्याच्या नावाने दरमहा आरडीत टाका.