टीएसएच वाढवून थायरोग्लोब्युलिन मोजताना

थायरॉइडच्या पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोगात पूर्ण ग्रंथी काढली आणि रेडिओआयोडीनही (किरणोत्सारी आयोडीन) दिलं, की रक्तात थायरोग्लोब्युलिन जवळजवळ उरत नाही. हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ते सापडलं तर अशा पेशी मानेच्या गाठींत, फुप्फुसांत किंवा हाडांत कुठेतरी तग धरून आहेत. पण रोजच्या थायरॉक्सिनच्या गोळीने पिट्युटरी ग्रंथीचं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) दबलेलं असतं, आणि टीएसएचचा तगादा नसला की या पेशी निपचित पडतात. म्हणून तपासणीआधी टीएसएच मुद्दाम वाढवायचं.

जुनी पद्धत म्हणजे गोळी 3 ते 4 आठवडे थांबवणं. टीएसएच 30 च्या वर गेल्याशिवाय तपासणी करत नाहीत. या काळात थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, डोकं मंद चालतं. गाडी चालवू नये. दुसरी पद्धत कृत्रिम टीएसएचच्या इंजेक्शनची: सोमवारी आणि मंगळवारी 0.9 मिलिग्रॅम स्नायूत, बुधवारी किरणोत्सारी आयोडीनचा छोटा डोस, शुक्रवारी रक्ततपासणी आणि त्या आयोडीनचा स्कॅन. यात गोळी चालूच राहते, पण औषध महाग आहे. हृदयविकार असेल, तर खर्च सोसूनही इंजेक्शनच बरं. मात्र मेंदूत किंवा मणक्यात गाठ असल्यास टीएसएच कोणत्याही मार्गाने वाढलं तरी ती सुजून नस दाबू शकते. ते डॉक्टरांना आधीच माहीत हवं.

स्कॅन करायचा असेल तर आधी 1 ते 2 आठवडे कमी आयोडीनचा आहार लागतो, आणि इंदूरच्या घरांत खरी गफलत इथेच होते. घरातलं मीठ बदलतात, पण सकाळी पोह्यांवर बाहेरची शेव पडतेच. शेव, जीरावन मसाला, पापड, लोणचं, कचोरी, सगळ्यांत बहुधा आयोडीनयुक्त मीठच असतं. दूध, दही, सराफा बाजारातली रबडी, अंड्याचा बलक, समुद्री मासे हेही बंद. उपासाचं सैंधव चालेल असं वाटतं, पण पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नाही ना, ते वाचा. वरण-भात, भाकरी, घरच्या फोडणीची भाजी यांवर दोन आठवडे सहज निघतात. आयोडीनचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर साधारण 6 ते 8 आठवडे थांबावं लागतं, नाहीतर पेशी आधीच आयोडीनने तृप्त असतात आणि स्कॅन खोटा कोरा येतो. किरणोत्सारी आयोडीनच्या डोसाआधी गर्भधारणा नाही याची खात्री करतात.

आता आकडा. टीएसएच वाढवल्यावर थायरोग्लोब्युलिन 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आणि तपासणीत गाठ नाही, तर उत्तम. 10 च्या वर असेल तर शोध घ्यावाच लागतो. मधले आकडे एका चाचणीवर ठरत नाहीत, ते चढताहेत की उतरताहेत हे पाहतात. पण थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटीबॉडी न मोजता आलेल्या कमी आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्या असल्या तर नेहमीच्या चाचणीत आकडा खोटा कमी दिसतो. केसांसाठी घेतलेलं बायोटिनही असाच घोळ घालतं. किमान 2 दिवस आधी बंद करा. आणि दर वेळी तीच प्रयोगशाळा ठेवा, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो.

कमी धोक्याच्या रुग्णांना हल्ली हे सारं बऱ्याचदा लागतही नाही. गोळी चालू असताना, अँटीबॉडी नसताना 0.2 च्या खालचा आकडा आणि मानेची स्वच्छ सोनोग्राफी पुरेशी ठरते.

आकडा मोठा आणि आयोडीन स्कॅन कोरा, असंही होतं. आधी आहार आणि सीटीचा हिशेब तपासतात. तो बरोबर निघाला, तर पेशींनी आयोडीन ओढून घेण्याची क्षमता गमावलेली असू शकते. त्या साखर मात्र शोषतात, म्हणून पुढे पेट-सीटी सांगतात.