प्रिम्युलाला थंडी मानवते, साचलेलं पाणी नाही

थंड हवेच्या बागेत हौसेनं लावलेली प्रिम्युलाची फुलझाडं पहिल्याच हिवाळ्यात गेली, की ठपका थंडीवर येतो. थंडी बिचारी निर्दोष असते. प्रिम्युलाच्या सुमारे ५०० जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य हिमालयात आणि पश्चिम चीनच्या डोंगरांत वाढतात. काही आल्प्समध्ये, काही युरोपातल्या रानांत आणि कुरणांत. महिनोन् महिने बर्फाखाली काढणं यांतल्या अनेकांना नवीन नाही. बर्फाच्या जाड थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं, वारा लागत नाही आणि पाणी गोठलेलं असल्यामुळे मुळाशी चिकचिक होत नाही. बागेतला हिवाळा वेगळा. आज पाऊस, उद्या सगळं गोठलेलं, परवा पुन्हा चिखल. रोप जातं ते या चिखलात.

कारण असं की मुळांनाही श्वास लागतो. ऑक्सिजन हवेतून ज्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांजवळचा ऑक्सिजन संपत जातो आणि नवा वेळेवर पोचत नाही. गुदमरलेल्या मुळांवर मग कुजवणाऱ्या बुरशींचं फावतं. त्यात तापमानाची भर. ५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. २५ अंशांना तो ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर उरतो. उलट माती तापली की मुळांचा श्वास वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. थंड बाग प्रिम्युलाला मानवते त्यामागे हा हिशेब मोठा आहे, आणि उन्हात तापलेल्या ओल्या कुंडीत रोप आठवडाभरात का मान टाकतं, हेही त्यातच आलं.

तेव्हा रोप निवडताना रंगाचा विचार नंतर करावा. हे रोप मूळचं कड्याच्या भेगेतलं की ओढ्याकाठचं, हे आधी पाहावं.

भेगेतल्या मंडळींत ऑरिक्युला सगळ्यांत मानाचा. प्रिम्युला ऑरिक्युला ही पिवळ्या फुलांची जात आल्प्सच्या चुनखडीच्या कड्यांवर राहते. बागेतला ऑरिक्युला मात्र निव्वळ तो नाही. आल्प्समध्येच आम्लधर्मी, सिलिकायुक्त खडकांवर प्रिम्युला हिर्सुटा नावाची गुलाबी-जांभळी जात वाढते आणि दोन्ही प्रकारचे खडक जिथे शेजारी येतात तिथे या दोघांचा संकर होतो. सोळाव्या शतकात व्हिएन्नामध्ये कॅरोलस क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ अशी रोपं बागेत वाढवत होता. त्यांचं मूळ इन्सब्रुकजवळच्या डोंगरांतल्या नैसर्गिक संकरात असल्याचं आँटोन केर्नर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. या मिश्र कुळामुळे बागेतल्या माणसाचं दोन प्रकारे फावलं. एक म्हणजे माती थोडी चुन्याची की थोडी आम्लधर्मी, यावर ऑरिक्युला फारसा अडून बसत नाही. दुसरं म्हणजे रंग. पिवळा एकाकडून आला, लाल-जांभळा दुसऱ्याकडून, आणि त्यांच्या मिश्रणातून तपकिरी, विटकरी, मखमली काळसर अशा छटा निघाल्या, ज्या इतर बागफुलांत क्वचितच दिसतात.

ऑरिक्युलाच्या अनेक वाणांच्या पानांवर आणि फुलांवर पांढरी भुकटी असते. पान भिंगाखाली धरलं तर बारीक लव दिसते. प्रत्येक केसाच्या टोकाला एक गोल ग्रंथी असते आणि तिच्याभोवती सुयांसारखे स्फटिक जमलेले असतात. ही बुरशी नाही, धूळ नाही. रोपानं स्वतः बाहेर टाकलेलं हे रसायन आहे आणि त्यात फ्लेव्होन हा घटक मोठा असतो. उंचावरच्या उघड्या कड्यावर ऊन प्रखर आणि वारा कोरडा. ही भुकटी प्रकाश परतवते आणि पाणी अंगाला लागू देत नाही. पण ती बोटानं पुसली जाते, आणि जोराच्या पावसानं तिचे ओघळ होतात. एकदा गेली की त्या पानावर पूर्वीसारखी परत येत नाही.

हौशी लोकांची सगळी वर्गवारी या भुकटीभोवती फिरते. ‘शो’, म्हणजे प्रदर्शनाच्या, ऑरिक्युलाच्या फुलात मध्यभागी पिवळी नळी, तिच्याभोवती भुकटीचं पांढरंशुभ्र कडं, मग गडद रंगाचा पट्टा आणि काही वाणांत बाहेर हिरवी, राखाडी किंवा पांढरी किनार. हिरवी किनार हा प्रकार अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये दिसू लागला. ती खरं तर पाकळीची कड नव्हेच. एका उत्परिवर्तनानं कडेच्या पेशी पाकळीऐवजी पानासारख्या घडू लागल्या. त्या पानासारख्या किनारीवर भुकटी थोडी असली की ती राखाडी दिसते, दाट असली की पांढरी. रंगद्रव्य तेच, फरक फक्त वरच्या थराचा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकरांनी घराच्या अंगणात ही फुलं जोपासून त्यांच्या स्पर्धा भरवल्या, तर श्रीमंतांनी त्यांच्यासाठी छत असलेल्या, काळ्या पार्श्वभूमीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या मांडण्या उभारल्या. डर्बीशरमधल्या कॅल्क ॲबी या जुन्या हवेलीत अशी एक मांडणी आजही आहे. ती नुसती शोभेची नव्हती. पाऊस अडवणं हे तिचं खरं काम.

यातून निवडीचा सरळ नियम निघतो. ज्याच्याकडे वरून झाकलेली, पण चारी बाजूंनी हवा खेळणारी जागा नाही, त्यानं ‘शो’ ऑरिक्युलाच्या वाटेला जाऊ नये. ‘अल्पाइन’ गटातल्या वाणांच्या फुलावर भुकटी नसते. मध्य सोनेरी किंवा फिकट, आणि पाकळीचा रंग आतून बाहेर उतरत गेलेला. पाऊस झाला तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. बागेच्या वाफ्यासाठी ‘बॉर्डर’ गटातली दणकट रोपं आणखी बरी, शिवाय त्यांतल्या काहींना सुरेख वास असतो. स्पर्धेत त्यांना फारसा मान नाही, पण बाग काही स्पर्धा नव्हे.

लावताना निचरा हीच पहिली अट. चांगल्या कुंडीमातीत तिसरा हिस्सा तरी जाडी वाळू किंवा बारीक खडी मिसळावी. कुंडी उंच आणि अरुंद असावी, कारण मुळं खोल जातात आणि रुंद कुंडीत मुळांनी न व्यापलेली माती नुसती ओली राहते. सकाळचं कोवळं ऊन चालतं. फुलं संपल्यावर मात्र कुंड्या सावलीत हलवाव्यात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीचा आडोसा उत्तम. हिवाळ्यात रोप आक्रसतं, बाहेरची पानं पिवळी पडून गळतात आणि मध्ये घट्ट कळीसारखा गड्डा उरतो. अशा वेळी घाबरून पाणी घालायचं नाही. माती अगदी भुगा होणार नाही एवढी ओल पुरे. दिवस मोठे होऊ लागले आणि मधली पानं उलगडू लागली की हळूहळू पाणी वाढवावं.

कुंडी बदलायची ती फुलोरा ओसरल्यावर, शक्यतो दरवर्षी. रोप बाहेर काढून जुनी माती झटकली की जाड, गाजरासारखं मूळखोड दिसतं. ते खालून कुजत येतं आणि वरून नवी मुळं फोडत जातं. बोटानं दाबून पाहावं. मऊ लागलं तर धारदार सुरीनं तिथपर्यंत कापावं जिथे आतला भाग स्वच्छ, फिकट आणि टणक दिसेल. तपकिरी ठिपका राहिला तर आणखी कापावं, इथे दयामाया नको. कापलेल्या जागी कोळशाची पूड लावून, थोडं सुकू देऊन नव्या मातीत लावावं. बाजूचे फुटवे मुळासकट सुटत असतील तर तेव्हाच वेगळे करावेत. मानेशी कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो मुळांवरचा मावा. तो धुऊन काढता येतो. त्याहून वाईट म्हणजे सोंडकिड्याची पांढरी, वाकडी अळी. ती मुळं कुरतडून संपवते आणि वर पानं कोमेजेपर्यंत काही कळतही नाही. म्हणून दरवर्षी माती झटकून पाहणं फायद्याचं.

ओढ्याकाठच्या मंडळींचा थाट निराळा. जपानचा प्रिम्युला जपोनिका, चीनमधले प्रिम्युला बुलियाना आणि पुल्व्हरुलेंटा यांच्या उंच दांड्यावर फुलांची कडी मजल्यामजल्यानं उमलत जातात. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या ब्रिटिश वनस्पतिशोधकानं १९२४ मध्ये तिबेटात पाहिलेला प्रिम्युला फ्लोरिंडी मीटरभर वाढतो आणि इतर जातींचा बहर संपल्यावर, भर उन्हाळ्यात, पिवळ्या सुवासिक घंटा लटकवतो. हिमालयातला गुलाबी प्रिम्युला रोझिया याच्या उलट. वसंताच्या तोंडाशी, पानं नीट उलगडायच्या आधीच फुलतो. या सगळ्यांना पानखतानं भरलेली, ओल धरणारी माती आणि विरळ सावली लागते. मग यांची मुळं का गुदमरत नाहीत? ओढ्याकाठी जमिनीतून झिरपणारं पाणी थंड आणि वाहतं असतं, ते ऑक्सिजन घेऊन येतं. डबक्यातलं पाणी तसं नसतं. त्यामुळे बागेत पाणी साचतं त्या खळग्यात यांना लावू नये, त्याच्या काठावर, हातभर उंचीवर लावावं. पहिल्यांदाच लावणाऱ्यानं प्रिम्युला जपोनिकानं सुरुवात करावी; जागा पटली की तो आपलं बी आपणच पेरतो. हिमालयातलाच, चेंडूसारख्या फुलोऱ्याचा प्रिम्युला डेंटिक्युलाटा दोन्ही टोकांच्या मधला. साध्या बागमातीत, फार कोरडी नसली की झालं.

घरात ठेवायला मिळणारा प्रिम्युला ऑब्कोनिका हाताळताना जरा जपून. त्याच्या लवेत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यानं काहींच्या त्वचेवर खाज, पुरळ, फोड उठतात. प्रिमिन नसलेले वाण आता मिळतात, तेच घ्यावेत.

आता बियांकडे. तुमच्या प्रिम्युलाला भरपूर फुलं येऊनही बी धरत नसेल, तर फुलाच्या घशात डोकवा. काही रोपांच्या फुलात नळीच्या तोंडाशी हिरवट, टाचणीच्या डोक्याएवढी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, दिसते. परागकोश आत, नळीच्या मध्यावर दडलेले. याला पिन म्हणतात. काहींत तोंडाशी परागकोशांचं झुबकेदार कडं असतं आणि कुक्षी आत खोल. हा थ्रम. एका रोपाची सगळी फुलं एकाच प्रकारची असतात. चार्ल्स डार्विननं १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या शास्त्रीय संस्थेपुढे मांडलेल्या आणि १८६२ मध्ये छापून आलेल्या निबंधात दाखवलं, की पिनवर थ्रमचे पराग पडले किंवा थ्रमवर पिनचे, तरच भरपूर बी धरतं. एकाच प्रकारात परागण केलं तर फार कमी. कीटकाच्या सोंडेवर ज्या उंचीला एका प्रकाराचे पराग चिकटतात, त्याच उंचीला दुसऱ्या प्रकाराची कुक्षी येते. स्वतःच्याच परागांपासून दूर राहण्याची ही सोय.

या दोन रूपांमागची जनुकं २०१६ मध्ये उलगडली. थ्रम रोपात गुणसूत्राचा एक छोटा तुकडा असतो आणि पिनमध्ये तो मुळी नसतोच. त्यातलं एक जनुक ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकाचा नाश करणारं विकर बनवतं, म्हणून कुक्षीचा दांडा आखूड राहतो. त्याच तुकड्यातलं दुसरं जनुक परागकोश वर चढवतं. थ्रमकडे या तुकड्याची एकच प्रत असल्यानं ती निम्म्या संततीला मिळते, निम्म्या संततीला नाही. म्हणून थ्रम आणि पिन यांच्या संकरातून साधारण निम्मी रोपं थ्रम निघतात, निम्मी पिन.

फुटव्यांपासून वाढवलेली रोपं एकाच रोपाच्या प्रती, त्यामुळे ती सगळी पिन तरी असतात नाहीतर सगळी थ्रम. बी हवं असेल तर दुसऱ्या प्रकाराचं एक रोप मुद्दाम आणावं आणि बारीक कुंचल्यानं पराग इकडून तिकडे न्यावेत. बी ताजं असतानाच पेरलेलं बरं, जुनं बी हट्टीपणा करतं. त्यावर माती लोटू नये, कारण अनेक जातींना उगवायला उजेड लागतो. वर बारीक खडीचा विरळ थर पुरे. १५ अंशांच्या आसपास ठेवावं, २० च्या वर गेलं की उगवण घटते.

पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वसंतात रोपं फुलतील तेव्हा निम्मी पिन असतील. ऑरिक्युलाच्या स्पर्धेत पिन फूल बाद ठरतं, भरलेला घसाच तिथे सुंदर मानतात, आणि म्हणून कित्येक जण अशी रोपं सरळ खताच्या खड्ड्यात टाकतात. मला हा शिरस्ता पटत नाही. रंग आवडला तर पिन रोप वाफ्यात थ्रमच्या शेजारी लावावं. भुंगे आले तर कुंचलाही लागणार नाही.