वित्तसंस्थांचे कलासंग्रह

बँका, विमा कंपन्या व गुंतवणूक संस्था यांनी स्वतःच्या मालकीने जमवून कचेऱ्यांत मांडलेले चित्र-शिल्पांचे संग्रह. निवडीचे धोरण, नोंदवही व अभिरक्षक (संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ) ही त्यांची लक्षणे. पुण्याच्या जुन्या बँकांतली संस्थापकांची तैलचित्रे त्यामुळे या व्याख्येत सहसा बसत नाहीत; पेशवाईतील सावकारांकडच्या गहाणाच्या चिजा तर नाहीतच.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण ही प्रथा पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या, पेढी चालवणाऱ्या मेदिची घराण्यापर्यंत नेतात. मात्र तेथील कलावस्तू घराण्याच्या होत्या, पेढीच्या नव्हेत. इटलीतील सिएनाच्या मोंते देई पास्की बँकेचा दावा अधिक सबळ वाटतो. तथापि १४७२ हे साल गरिबांना तारणावर कर्ज देणाऱ्या मूळ संस्थेचे आहे (आजचे नाव १६२४ नंतरचे). तेच संग्रहाच्या आरंभाचे मानणे धाडसाचे ठरेल. आधुनिक अर्थाने १९५९ पासून गणना करणे इष्ट. त्या वर्षी डेव्हिड रॉकफेलर यांनी न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेत कलाखरेदीचा कार्यक्रम सुरू केला व निवड समितीवर आल्फ्रेड बार यांच्यासारखे संग्रहालयतज्ज्ञ घेतले.

प्रतिष्ठा, ठेवीदारांचा विश्वास, कर्मचाऱ्यांचे वातावरण ही कारणे नेहमीची. जर्मनीच्या डॉइश बँकेने मुख्यतः कागदावरील कृती घेतल्या आणि फ्रँकफर्टच्या मुख्यालयात एकेक मजला एकेका कलावंताला दिला. नफ्याचा हेतू भारतात तरी गौण ठरतो, कारण बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ८ नुसार बँकिंग कंपनीला मालाची खरेदीविक्री करता येत नाही. तारणाची वसुली हा त्यातील एक अपवाद. या कलमात 'माल' म्हणजे, रोखे, नाणे, सोनेचांदी इत्यादी वगळता, सर्व जंगम मालमत्ता; चित्रही त्यात येते. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुन्या चित्र-शिल्पांच्या निर्यातीवरही बंधन आहे.

रिझर्व्ह बँकेच्या दिल्ली कार्यालयाच्या दारातील शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी हे भारतातील ठळक उदाहरण. धनरक्षक म्हणून विषय समर्पक; पण ती वास्तूसाठी करवून घेतलेली शिल्पे, संग्रह नव्हे.

संस्था डळमळली की संग्रह विक्रीस निघतो. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या २००८ मधील दिवाळखोरीनंतर तिच्या चित्रांचा २०१० मध्ये लिलाव झाला. याउलट पुण्यातील दिनकर केळकर यांचा संग्रह व्यक्तिगत, वित्तसंस्थेचा नव्हे. तो १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे गेला आणि आज राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून शुक्रवार पेठेत आहे.